कळशीच्या झाडाचं पिल्लू

औंढा
ज्येष्ठ, सन १९४०

आत्याबाई,

वर 'तीर्थरूप' नाही म्हणून तुम्हाला पत्र वाचून दाखवणारे गुरुजी अडखळले असतील. गुरुजी, अडखळू नका, पुढं वाचा. माझा पाट लागला त्या दिवशी आत्याबाईंनी निरोप धाडला होता की नातं संपलं, आता तिनं मला सासू म्हणू नये. संपलेल्या नात्याला मायना काय लिहायचा ते माझ्या वडिलांनी शिकवलं नाही, वसमतच्या शाळेत मास्तर असूनसुद्धा. आत्याबाई मात्र लिहिते. दुसरं काही तोंडात येत नाही.

वर्ष झालं, तुमच्याकडून एक शब्द नाही. आणि काल तांड्यावरचा रूपसिंग गाडी थांबवून दारात उभा. मला वाटलं सोन्याला काही झालं. माझे हात पिठात तसेच राहिले. तर म्हणतो कसा, "नर्मदाबाईनं इचारलंय, त्या झाडाचं काय करायचं? फूल आलतं. आता झाड मलूल पडलं, अन् बुडापाशी काहीतरी फुटून राहिलं."

मी विचारलं, "आणि सोन्या कसा आहे?"

"पोराचं काही सांगू नको म्हनली. झाडाचंच इचार म्हनली."

झाडाचंच! धन्य आहे तुमची. तुमचा संतराम पटकीच्या साथीत गेला तेव्हा मामंजींनी मला पांढऱ्या पायाची म्हणून माहेरी धाडलं, मी गेले. वडील वारले, भावांना मी जड झाले, त्यांनी मारोतरावांचं स्थळ आणलं, मी उभी राहिले. आपल्यात रीत आहे, विधवेचा पाट लागला की पहिल्या घरचं लेकरू पहिल्या घरी द्यायचं. ती रीत तुम्ही केली नाही, मीही केली नाही. तीन वर्षांच्या सोन्याला मी माझ्या हातानं कुरुंद्याला आणून सोडलं. गाडी निघाली तेव्हा तो मागं धावला नाही, कारण तुम्ही त्याला आधीच मळ्यात पाठवलं होतं. ते बरं केलंत असं मी लोकांना सांगते.

आता झाड. हिंगोलीच्या जुन्या छावणीतल्या एका बंगल्याच्या माळ्यानं ते यांना दिलं होतं. (यांना म्हणजे संतरामला. मारोतराव बिचारे पत्र वाचत नाहीत, तरी लिहिताना पंचाईत होते.) बाजारात हळद घालून परत येताना लोक बायकोला लुगडं आणतात, यांनी कुंडी आणली. तुम्ही ओसरीवर कपाळाला हात लावलात, "लुगड्याच्या जागी काट्याचं झुडूप आनलं गं बाई." यांनीच त्याला कळशीचं झाड म्हणायला सुरुवात केली, कारण त्याची पानं एकात एक बसून मधोमध कळशीसारखी पोकळी होते आणि तिच्यात पाणी राहतं. माळ्यानं जे सांगितलं ते हे मला त्याच्याच बोलीत म्हणून दाखवायचे, "ये अनन्नास की बहेन है. पानी इसके गले में डालना, पाँव में नहीं." ते गेले तरी झाड राहिलं, म्हणून तुम्ही त्याला जपता हे मला कळतं. मीही जपलं असतं, पण मला कुणी विचारलं नाही.

तर ऐका. ते झाड आयुष्यात एकदाच फुलतं. यंदा फुललं ते तुमच्या हळद शिजवायच्या काहिलीचा धूर लागून, असं मला वाटतं. फुलल्यावर ते हळूहळू वाळत जातं. त्याला उपाय नाही, कुणी मंत्र घातला तरी नाही. पण जाण्याआधी बुडापाशी पिल्लं देतं. जे फुटून राहिलं म्हणता ते पिल्लू आहे. ते नीट वेगळं केलं तर नवं झाड होतं, तुमच्या संतरामच्याच झाडाचं.

नीट कसं करायचं ते मला ठाऊक आहे. पण एका पत्रात एकच गोष्ट सांगीन. आधी सोन्याचं काहीतरी कळवा. खातो काय, झोपतो कुणाजवळ, काहीही. मला निर्लज्ज म्हणा.

सुमन


औंढा
भाद्रपद, सन १९४०

आत्याबाई,

रूपसिंगनं तुमचा निरोप शब्द न शब्द सांगितला. "त्याला गूळभाकर लागती. दूध नगं म्हनतो. निजतो माझ्यापाशी. आता सांग म्हनावं झाडाचं." इतकं मोजून बोलणं तुम्हालाच जमतं. तरी मी ते दिवसभर पुन्हा पुन्हा आठवत होते. दूध नको म्हणतो! माझ्याकडे असताना वाटी चाटून पुसून ठेवायचा. कोमट दूध द्या, त्यात सायीचा तुकडा राहू देऊ नका, साय ओठाला लागली की तो तोंड फिरवतो. चार वर्षांचं पोर हे सांगू शकत नाही, म्हणून मी सांगते.

ठरल्याप्रमाणे पुढची गोष्ट. पिल्लाला घाईनं हात लावू नका. मोठ्या झाडाच्या निम्मं उंच होईपर्यंत त्याला तिथंच राहू द्या. त्याला अजून स्वतःची मुळं नाहीत, ते आईच्याच अंगातून पाणी घेतं. म्हणून मोठं झाड वाळलेलं दिसलं तरी त्याच्या कळशीत पाणी घालत जा. शिळं पाणी ओतून ताजं घाला, नाहीतर वास मारतं. जागा हीच ठेवा, रांजणाजवळची सावली. उन्हात नेऊ नका.

आई हा शब्द गुरुजींनी मोठ्यानं वाचला असेल तर वाचू दे. मी झाडाविषयी बोलते आहे. माणसाचं आणि झाडाचं सारखं नसतं हे मला कुणी शिकवायला नको.

इकडं ठीक आहे. मारोतराव स्वभावानं गरीब आहेत, त्यांच्या दोन मुली मला माई म्हणतात. हल्ली मला तेलाचा वास सहन होत नाही, पावसाळी हवा आहे, म्हणून असेल.

एकच विचारते. सोन्या माझ्याविषयी काही विचारतो का?

सुमन


औंढा
पौष, सन १९४१

आत्याबाई,

रूपसिंग दारातून आत यायलाही तयार नव्हता. बाहेरूनच म्हणाला, "बाई, ते पिल्लू सडलं. तातेरावमालक लई तापलेत. म्हनतात, तिनं मुद्दाम उलटं सांगितलं. आमच्या घराचं वाईट चिंतून राहिली."

मामंजींना सांगा, मी त्यांच्या घराचं वाईट चिंतीन कशी, माझं सगळं धन त्यांच्याच घरात आहे.

मग मी रूपसिंगला खाली बसवलं, चहा दिला, आणि तुम्ही काय काय केलं ते एकेक करून विचारलं. मळ्यातली काळी माती आणलीत. खालून शेणखत घातलंत. पिल्लू खोल पुरलंत आणि वरून हळदीला लावतात तशी मातीची भर लावलीत. वरून पाणी सोडलंत. आत्याबाई, अहो, ती हळद नाही! हळदीचं तुम्हाला डोळे मिटून येतं, सगळ्या कुरुंद्यात तुमच्या हाताचं बेणं नावाजलेलं. पण या झाडाला मातीची फार गरजच नसते. काळी माती पाणी धरून बसते, भर लावली की त्याचा गळाच बुजतो. तुम्ही त्याला वाईट दिलं नाही. घरातलं सगळ्यात चांगलं होतं ते दिलंत, आणि त्यानंच ते गेलं. मला तुमचा राग आला होता, पण हे लिहिता लिहिता गेला. तुम्ही रडलात असं रूपसिंग म्हणाला. मीही रडले. सडलेलं पिल्लू बघितलं नाही तरी रडले.

चूक माझीही निघेल. मी सगळं एकदम लिहिलं असतं तर हे झालं नसतं, असं मामंजी म्हणतील. म्हणू देत. मला पोराची खबर मिळण्याचा दुसरा रस्ता कुणी ठेवला नव्हता.

आणखी एक पिल्लू आहे म्हणता. ते शेवटचं. त्याला आता कुणी हात लावू नका. पत्रानं हे होत नाही, मी स्वतः येऊन ते वेगळं करीन. एक दिवस येईन, दिवसाउजेडी परत जाईन. सोन्याला दुरून पाहीन. तुमच्या दारात उभं राहण्याचा माझा हक्क नाही हे मला पाठ आहे, पण झाडासाठी माळ्याला तर येऊ देतात ना?

तुम्ही माझ्या मागच्या प्रश्नाचं उत्तर दिलंत, "इचारत न्हाई." बरं.

सुमन


औंढा
फाल्गुन, सन १९४१

आत्याबाई,

मधे पत्र नाही, मला बरं नव्हतं. आता पाळणा परत माळ्यावर ठेवला आहे. यापेक्षा जास्त लिहीत नाही. तुम्हीही दोन लेकरं घालवली आहेत, तुम्हाला कळेल.

तुमची अट कळली. यायला हरकत नाही, पण सोन्याला सांगितलेलं आहे की त्याची आई देवाघरी गेली. म्हणून मी यायचं ते औंढ्याची काकू म्हणून, झाड लावायला आलेली. त्याला जवळ ओढायचं नाही. त्याच्यासमोर डोळ्यातून पाणी काढायचं नाही.

रूपसिंगनं हे सांगितलं तेव्हा मी धुणं पिळत होते. पिळतच राहिले. आत्याबाई, जिवंतपणी माझे दिवस घातलेत! तुम्हाला हे सुचलं तरी कसं? पोर विचारतच नाही म्हणालात, तो विचारत नव्हता याचं कारण तुम्ही त्याला उत्तर देऊन ठेवलं होतं.

अट कबूल आहे. हळद काढणीची गडबड सरली की येते. विटांचे तुकडे, कोळसा आणि कडुनिंबाखालचा कुजलेला पालापाचोळा तेवढा जमवून ठेवा. काळी माती नको. धार लावलेला विळा हवा.

सुमन


औंढा
चैत्र, सन १९४१

आत्याबाई,

घरी पोचले. गाडीत मागं वळून पाहिलं नाही, तुम्ही सांगितलं होतं तसं. गुरुजी, आज जरा हळू वाचा. आज झाडाचं फारसं काही नाही.

तो केवढा झाला हो! माझ्या मनात अजून कडेवर घ्यायचं पोर होतं. मी अंगणात आले तर तो रांजणाजवळ उभा, हातात काठी, जसा काही झाडाचा पहारेकरी.

"तू कोन?"

"मी औंढ्याची काकू. झाड लावायला आले."

"त्याला काटे हायेत. धरू नको, रक्त येतं."

त्यानं मला पहिलं सांगितलं ते हे. माझ्या हाताला लागू नये याची काळजी. तुम्ही तोंड फिरवून शेंगा निवडत होतात, पण तुमचे हात थांबले होते, मी पाहिलं.

मग आम्ही दोघांनी मिळून केलं. तुम्ही पाहतच होता, तरी मला लिहायचं आहे. मी पिल्लू आईच्या बुडापासून कापलं. कापलेली जागा सावलीत सुकत ठेवली. तो म्हणाला, "आता हे मरल?" मी म्हटलं, नाही, याला बघ, बारीक मुळं आली आहेत, हे आता आपलं आपण पाणी पिईल. त्यानं विटा फोडल्या. दगडानं फोडताना जीभ बाहेर काढतो, संतरामसारखा. तुकडे, कोळसा, पाला असं कालवलं, आणि जखम सुकू दे म्हणून आम्ही थांबलो. माझ्या थांबण्याला तेवढं निमित्त पुरलं. दुपारी तुम्ही मला स्वतःच्या हातानं भाकर वाढलीत.

मातीच नाही तर झाड उभं कसं राहणार, म्हणून त्यानं काडी रोवून दिली. मी पिल्लू वरच्यावर बसवून काडीला सुतळीनं बांधलं. तेव्हा तो माझ्याशेजारी उकिडवा बसला होता. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. मी हलले नाही. त्याला जवळ ओढायचं नाही ही अट होती, तो स्वतः टेकला तर त्याला मी काय करणार?

आणि मग तो आपला सहज म्हणाला, "माझी आई देवाघरी हाय. तिथून बघती मला."

"काय बघते?"

"मी जेवलो का ते. आजी म्हनती, ताटात टाकलं तर तिला दिसतं."

आत्याबाई, मी तुम्हाला जन्मभर शिव्या द्यायच्या असं ठरवलं होतं. पण तुम्ही त्या पोराला काय आई दिली आहे! ती त्याच्यावर रागवत नाही, दूर गेली असली तरी ताटाशी बसते. मी कुठून आणू इतकी चांगली आई? मी ती नाही. मी औंढ्याला मारोतरावांच्या घरी स्वयंपाक करते.

निघताना त्यानं विचारलं, "काकू, परत येशील का?" मी झाडाचं निमित्त सांगून आले, की जगलं तर येईन. तुम्ही ऐकलंत. मला आता बोलवायचं की नाही ते तुमच्या हाती. मला रडण्याची परवानगी नव्हती म्हणून वेशीपर्यंत रडले नाही. वेशीच्या पुढं रूपसिंगनं बैलांना उगाच ओरडून ओरडून हाकललं, मला कुणी ऐकू नये म्हणून.

सुमन


औंढा
श्रावण, सन १९४३

आत्याबाई,

दोन वर्षं झाडाचे निरोप येत राहिले आणि तुम्ही मला परत बोलावलं नाही. मामंजी गेल्याचं कळलं तेव्हा मी आंघोळ केली, कुणाला सांगितलं नाही. त्यांचं माझ्याशी बरं नव्हतं, पण संतरामचे वडील होते.

परवा रूपसिंग आला तो तुमच्याकडून तीन गोष्टी घेऊन. एक, झाड होळीला फुललं आणि आता त्यालाही पिल्लू आलं आहे. दोन, गुरुजी माझं हे एक पत्र वाचून मग गाव सोडून परभणीला चालले. तीन, सोन्या शाळेत वाचायला शिकला आणि त्यापुढं आलेलं पत्र तोच तुम्हाला वाचून दाखवणार.

आणि पुढचं त्यानं तुमच्याच आवाजात सांगितलं. "म्हनावं, पुढली चिठ्ठी पोरगं वाचील. काय लिहायचं ते आता तिच्या हाती. मला अडवता येनार न्हाई. घरात आमी दोघंच हावोत. त्याला कळलं तर तो जाईल. मी काही तिचे पाय धरून सांगत न्हाई."

आत्याबाई, हे पाय धरणंच झालं.

तुम्हाला भीती वाटते ती खरी आहे. मीही तोच विचार करते आहे. इतकी वर्षं माझं तोंड तुम्ही बंद केलंत, आणि आता एक ओळ लिहिली की पुरे. सोन्या, मी तुझी आई आहे, मी मेलेली नाही. तो स्वतःच्या तोंडानं, एकेक अक्षर लावत, तुमच्यासमोर मोठ्यानं वाचील. कुणी त्याच्या हातून कागद घेईपर्यंत वाचून झालेलं असेल.

मारोतरावांना सांगितलं. ते म्हणाले, "लिहून टाक. आनू त्याला. एक ताट वाढलं तर आपलं काय बिघडतं?" या माणसाला मी आजवर नीट ओळखलंच नव्हतं. रीत वगैरे ते बघून घेतील म्हणतात, पंचांसमोर उभे राहतील. म्हणजे आता मला थांबवणारं कुणी उरलेलं नाही. माझ्या पोटी दुसरं राहिलं नाही, तेही तुम्हाला ठाऊक आहे. मला तो हवा आहे. हे मी कधी सरळ लिहिलं नव्हतं. मला माझा मुलगा हवा आहे, आत्याबाई. सकाळी उठल्यापासून हवा असतो.

पण चार दिवस पाटी घेऊन बसले आहे आणि ती ओळ पुढं सरकत नाही. ती वाचली की तो पहिलं काय विचारील? मग तू गेलीस काहून? रीत होती म्हणू? भावांनी लोटलं म्हणू? सात वर्षांच्या पोराला एवढंच कळेल की आई होती आणि त्याला ठेवून दुसऱ्या घरी गेली. मेलेली आई लेकराला टाकून जात नाही. जिवंत आई जाते. तुम्ही त्याला दिलेली आई मी त्याच्याकडून काढून घेतली तर तिच्या बदल्यात त्याला कोण मिळणार? मी. मला स्वतःला तो सौदा परवडत नाही.

आणि कधी वाटतं, हे सगळं मी भित्री आहे म्हणून रचते. भले माझा गळा धरून विचारावं त्यानं, काहून गेलीस, पण विचारावं तरी. कोणतं खरं ते मला कळत नाही.

मी काय लिहीन ते आज मला ठाऊक नाही. तुम्हाला वचन देत नाही. कुणी माझ्याशी वचन पाळून वागलं नाही.

गुरुजी, तुम्ही माझी पत्रं खाकरत, अडखळत, पण एक शब्द न गाळता वाचलीत. रूपसिंगनं सांगितलं की तुम्ही एकदा मधेच उठून बाहेर गेला होतात. तुमचे उपकार कसे फेडू? आता शेवटचं काम करा. हे पत्र वाचून झालं की आधीच्या सगळ्यांसह चुलीत घाला. जाळ लागेपर्यंत बसा. मी जे लिहीन ते मी लिहीन, पण त्याला ते चुकून सापडायला नको.

सुमन


औंढा
कार्तिक, सन १९४३

चि. सोनाजीस आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी रूपसिंगनं आणून दिली. तू स्वतः लिहिलेली पहिली चिठ्ठी मला आली, याचा मला फार आनंद झाला. अक्षर मोठं आणि ठसठशीत आहे. मीही मोठ्या अक्षरात लिहिते, म्हणजे तुला वाचायला सोपं जाईल. दमलास तर थांब. पाणी पी. मग पुढं वाच.

तू विचारलंस, मोठं झाड वाळून गेलं, आजी उपटू देत नाही, काय करू.

आधी पिल्लू बघ. ते मोठ्या झाडाच्या निम्मं उंच झालं का? बुडाशी बारीक मुळं दिसतात का? दिसत असतील तर आपण मागं केलं तसं कर. विळा आजीला धरू दे, तुझा हात कापेल. विटांचे तुकडे बारीक कर. काळी माती घालू नको.

मग वाळलेलं झाड काढून टाक. आजीला वाईट वाटेल, कारण ते तुझ्या बाबांच्या झाडाचं आहे. तिला समजावून सांग की पिल्लूही तुझ्या बाबांच्याच झाडाचं आहे. वाळलेलं तिथंच ठेवलं तर त्याची सावली पडते आणि पिल्लू वाकडं वाढतं. आता पिल्लाला त्याची गरज नाही.

तू विचारलंस, मोठ्या झाडाला दुखत नाही का.

नाही, बाळ. त्याला दुखत नाही. तू निवांत काढ.

तू विचारलंस, काकू, तू कधी येशील. मी लांब राहते आणि इथं कामं असतात. पण तुला आता सगळं येतं, मला येण्याची जरुरी नाही. पुढच्या पिल्लाच्या वेळी तूच दुसऱ्या कुणाला शिकव. शाळेला रोज जा. आजी म्हातारी झाली आहे, तिला सोडून कुठं जाऊ नकोस.

तू फार छान वाचलंस. आजी तुझ्याजवळ बसली असेल. ती विचारील, आणखी काय लिहिलंय? कागद उलटा करून बघ म्हणेल. तिला कागद दाखव. मागची बाजू कोरी आहे. तिला सांग, एवढंच आहे.

तुझी
औंढ्याची काकू